नवव्या डब्याखाली

बडनेरा रस्त्यावरच्या टिनाच्या शेडमध्ये श्रावण गवई तीस वर्षं लोखंड जोडत आला. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, टाकीचे स्टँड, शाळांच्या खिडक्यांचे गज. अर्धी अमरावती त्याने केलेल्या दारांच्या आत झोपते असं म्हटलं तर थोडी बढाई होईल, पण फार नाही. त्याचं काम ओळखायची खूण सोपी होती. गेटच्या खालच्या पट्टीवर, आतल्या बाजूने, वेल्डिंगच्या रेघेनेच दोन अक्षरं लिहिलेली असत : माया.

बाकीचे फॅब्रिकेशनवाले पत्र्याची पाटी ठोकतात, तिच्यावर दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. श्रावण रॉड पेटवून थेट लोखंडावर लिहायचा. पाटी कोणीही उपटून नेतो, हे कोण उपटणार, असं त्याचं म्हणणं. स्वतःचं नाव का नाही टाकत असं कुणी विचारलं की तो सांगे, श्रावण लिहायला दीड रॉड लागतो, माया अर्ध्यात होते. लोक हसत आणि विषय तिथेच संपे.

माया त्याची बायको. गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला दोघं जोडीने जात. टेपचं एक टोक ती धरायची, दुसरं तो. श्रावणला बोलायचा मुळात कंटाळा, त्यामुळे सगळं बोलणं तिचं. घरमालकाला काय हवंय, त्याच्या बायकोला काय हवंय आणि या दोघांचं का जमत नाही, हे सगळं ती अर्ध्या तासात काढून घ्यायची आणि घरी येऊन श्रावणला एका वाक्यात सांगायची, की वरती भाले नको, साधं ठेवा. काम पुरं झाल्यावर तिचं नाव टाकणं त्याला कधी विशेष वाटलंच नाही. अर्धं काम तिचंच होतं.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका सकाळी, विहारातून परत आल्यावर चहा ठेवता ठेवता ती ओट्यापाशी खाली बसली ती पुन्हा उठली नाही. दवाखान्यात न्यायचीही वेळ मिळाली नाही. मुलगा स्वप्निल पुण्याहून आला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वस्तीतली माणसं महिनाभर येत-जात राहिली आणि मग आपापल्या कामाला लागली. लागणारच. स्वप्निलने बापाला पुण्याला नेलं. अकराव्या मजल्यावर श्रावण सात दिवस राहिला, सगळे गज चुकीचे लावलेत एवढंच म्हणाला आणि परत आला.

त्यानंतर तो एकटा माप घ्यायला जायचा. टेपचं टोक खिळ्यात अडकवायचा, दुसरं टोक ओढत न्यायचा, आणि अर्ध्या वाटेत टोक सुटून खडखडत त्याच्याकडे परत यायचं. दोन गेट आखूड झाले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग त्याने नवी कामं घेणंच कमी केलं. दिवसभरात त्याच्या तोंडून दहा वाक्यं निघत असतील, त्यातली चार चहावाल्याला. जेवण शेडमध्येच व्हायचं, कारण घरी जेवायला बसलं की चावण्याचा आवाज ऐकू यायचा.

नाव लिहिणं मात्र थांबलं नाही. त्याच्या टेम्पोवाल्या पिंटूला, चाळिशीतल्या त्या फटकळ माणसाला, वाटलं होतं की आता हे बंद होईल. उलट श्रावण जास्त वेळ लावून लिहू लागला. दुरुस्तीला आलेल्या खाटेवरसुद्धा लिहायचा. त्याला एक हिशेब कळला होता आणि तो त्याने कुणाला सांगितला नव्हता : घरात तिचं नाव घ्यायला कुणी उरलं नाही, पण गावभर ते लिहिलेलं आहे, आणि आपण लिहितोय तोवर वाढतंय.

अशात दामिनी आली.

दामिनी मूळची अमरावतीचीच, पण कॉलेजनंतर बडोद्याला शिल्पकला शिकली आणि तिकडेच राहिली. वय पस्तीसच्या आसपास, केस कापलेले, हातावर भाजल्याचे जुने डाग. ते डाग पाहूनच श्रावणने तिला खुर्ची दिली. तिने कागद पसरला. कागदावर एक चौकोनी डबा होता. तीन फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल, पुढून मागून उघडा. सहा एमएमची प्लेट. असे नऊ. नऊही तंतोतंत सारखे.

श्रावणने विचारलं, यात काय ठेवायचं. ती म्हणाली, काही नाही. मग हे कशाचं काय आहे, हे त्याने विचारलं, तर ती म्हणाली, शिल्प आहे. श्रावणने कागद उलटून मागची बाजू पाहिली. शिल्प म्हणजे त्याच्या लेखी पुतळा. पुतळ्याला चेहरा असतो, हात असतो, हातात काहीतरी असतं, खाली चौथरा आणि चौथऱ्यावर नाव. इथे तर भाजीची क्रेट बरी, तिला निदान तळ असतो.

दामिनीला असल्या चेहऱ्यांची सवय होती. तिने शांतपणे सगळं सांगितलं. अकोल्यात भगवंतराव नावाच्या गृहस्थांनी आपल्या वाडवडिलांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कलादालन सुरू केलं होतं आणि पहिलं प्रदर्शन तिचं होणार होतं. हे नऊ डबे एका रांगेत, एकामागे एक, थेट जमिनीवर बसणार. चौथरा नाही, रंग नाही, पॉलिश नाही, वेल्डिंगची रेघ बाहेरून दिसता कामा नये. दोन डब्यांमधली मोकळी जागा बरोबर दीड फूट, म्हणजे डब्याच्या खोलीएवढीच.

"आणि काका, यावर कुठेही काही लिहायचं नाही," ती म्हणाली. "माझंही नाव नाही."

तिने भिंतीला टेकवलेल्या गेटवरची अक्षरं पाहिली होती. ते दुकानाचं नाव आहे एवढंच तिला वाटलं, आणि श्रावणनेही जास्त काही सांगितलं नाही. ठीक आहे म्हणाला. दिलेला शब्द त्याने तोवर कधी मोडला नव्हता.

नांदगाव पेठेतून प्लेटा कापून आल्या आणि काम सुरू झालं. साधं दिसणारं काम किती छळतं ते त्याला पहिल्या डब्यातच कळलं. गेटला नक्षी असते, नक्षीच्या आड शंभर चुका झाकतात. इथे झाकायला काहीच नव्हतं. वेल्डिंगची उष्णता लागली की प्लेट ओढते, कोपरा केसभर आत जातो आणि तो केसभरही डोळ्यात खुपतो. पहिला डबा त्याने तीनदा तोडून जोडला. चौथ्यांदा काटकोन तपासायचा गुण्या लावला तेव्हा गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड येईना. दामिनी खाली वाकून पाहत होती. ती नुसती हसली, आणि श्रावणला कित्येक वर्षांनी शाळेत पास झाल्यासारखं वाटलं.

ती रोज येऊ लागली. उलट्या ड्रमवर बसायची, काम पाहायची. न सांगता टेपचं दुसरं टोक धरायची. पहिल्यांदा तिने ते धरलं तेव्हा श्रावण आकडा वाचायचाच विसरला होता. तिने विचारलं, किती, तेव्हा तो भानावर आला.

आजूबाजूचे लोक यायचे, डबे पाहायचे, डोकं खाजवायचे. कुणी म्हणे कोंबड्यांचे खुराडे, कुणी म्हणे मोठ्या शाळेतल्या पोरांचे बूट ठेवायचे कप्पे. पिंटूने तर सरळ जाहीर केलं की शिकलेल्या माणसांना कामं उरली नाहीत. श्रावणला आधी लाज वाटायची, नंतर राग यायला लागला, आणि राग यायला लागला म्हणजे तो डब्यांच्या बाजूचा झाला असं समजायला हरकत नाही.

एकदा त्यानेच तिला विचारलं, खरं खरं, मोठ्या शब्दांशिवाय सांग म्हणून.  ती म्हणाली, आपल्याकडे लोखंड नेहमी कशाच्या तरी कामाला जुंपलेलं असतं. गेट म्हटलं की चोर दिसतो, जिना म्हटलं की वरचा मजला दिसतो. लोखंड कुणाला दिसतच नाही. याला काही काम ठेवलं नाही म्हणजे मग ते स्वतः दिसतं. त्याचं वजन, त्याची कड, त्याच्यावर चढणारा गंज. गोष्ट सांगायची नाही, कुणाची आठवण करून द्यायची नाही. जे आहे ते आहे.

"आणि मधातली जागा?" श्रावणने विचारलं. "ते काहून मोजून सोडाची?"

"कारण तीही कामातच आहे, काका. डबे नऊ आणि रिकाम्या जागा आठ, असं सतरा वस्तूंचं हे शिल्प आहे. त्या जागेत काही ठेवलं की मोडलं."

श्रावण मान हलवून पुन्हा रॉड पेटवायला गेला. त्याला ते पटलं असं नाही. रिकाम्या जागेत मोजण्यासारखं काय असतं हे त्याला घरी रोज दिसत होतं, आणि ते कुणी दिवाणखान्यात मांडून ठेवावं असं त्याला वाटत नव्हतं.

महिना संपत आला. आठ डबे भिंतीशी उभे राहिले. नवव्याच्या दिवशी दामिनी अकोल्याला गेली होती, जागा पाहायला. दुपारभर श्रावणने एकट्याने शेवटचे कोपरे घासले. चारच्या सुमारास गुण्या लावला. बरोबर होता. एवढं चांगलं काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि पुढे होणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने डबा आडवा केला, तळाची धार एकदा बोटाने पाहिली. काम पुरं झालं होतं, आणि काम पुरं झाल्यावर जे करायचं ते तीस वर्षं त्याचा हात करत आला होता. बारीक रॉड होल्डरला लागला, काच डोळ्यांवर आली, ठिणगी पडली.

'मा' लिहून झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. 'या' मात्र त्याने जाणूनबुजून लिहिला.

लिहून झाल्यावर तो तिथेच खाली बसला. शब्द मोडला होता. पण मनातून त्याला वाईटही वाटेना. हे डबे अकोल्याला जातील, तिथून म्हणे मुंबईला, दिल्लीला जातील. माया नागपूरच्या पुढे कधी गेली नव्हती. तळाला लिहिलंय, जमिनीकडे तोंड करून. कुणाला दिसणार नाही, कुणाचं बिघडणार नाही. गेटवरचं नाव लोक चपलेने घासतात, इथे तिला कुणी हात लावणार नाही. असं सगळं त्याने स्वतःला समजावलं आणि अंधार पडायच्या आत डबा गोणपाटात स्वतःच्या हाताने गुंडाळला. दुसऱ्या दिवशी दामिनीने बाकीच्या आठांना गुण्या लावून पाहिला. नवव्याचं गोणपाट सोडू का विचारलं तर श्रावण म्हणाला, तो सगळ्यांत चांगला झालाय. ते खोटं नव्हतं.

अकोल्याला तो पिंटूच्या गाडीतूनच गेला. जिनिंगचा तो हॉल उंच होता, वर छताच्या लाकडी कैच्या, खाली नवा सिमेंटचा कोबा, आरसा घोटावा तसा घोटलेला. कोबा केला होता नत्थुजी मिस्त्रींनी. हिवरखेडचे म्हातारे गवंडी, कमरेत वाकलेले, कोब्यातला माणूस म्हणून भगवंतरावांनी मुद्दाम गाडी पाठवून आणवलेले. लोक चपला घालून आत यायला लागले की ते दुःखी व्हायचे.

दुपारी डबे मांडायला घेतले. एकेक डबा दोघांनी धरून, टेपने दीड फूट मोजून. आठ झाले. नवव्याचं गोणपाट श्रावणने ओढून काढलं आणि पिंटूला तळ पाहायची सवड न देता तो खाली बसवला. दामिनीने पहिल्या डब्यापासून नवव्यापर्यंत सुतळी ताणली. मग ती सुतळीच्या टोकाशी गुडघ्यांवर बसली आणि बसूनच राहिली.

आठ डब्यांच्या माथ्यावरून सुतळी सरळ जात होती. नवव्यापाशी ती उचलली गेली होती. किती, तर दोन रुपयांच्या नाण्याच्या जाडीएवढी. गेटला एवढ्याने काही झालं नसतं, गेट हवेत लटकतं. हा डबा कोब्यावर बसणार होता, आणि त्याच्या पोटाखाली माया होती. दामिनीने एका कोपऱ्यावर तळहात ठेवला. डबा किंचित डुगडुगला.

हे श्रावणच्या मनात आलंच नव्हतं. तीस वर्षांच्या माणसाच्या मनात एवढी साधी गोष्ट आली नाही.

दामिनीने डब्याकडे संशयाने पाहिलंच नाही. तो सगळ्यांत चांगला झालाय असं तिला श्रावणने सांगितलं होतं. ती म्हणाली, या जागी कोबा फुगलाय. भगवंतराव आले. मनाने वाईट माणूस नव्हे, पण पाहुणे पाच वाजता यायचे होते आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सगळ्यांसमोर त्यांनी नत्थुजींना फैलावर घेतलं. एवढं नाव ऐकून बोलावलं, एवढा वेळ घेतला, आणि शेवटी हे. आता जेवढं आहे तेवढं फोडा आणि सपाट करा, काहीही करा.

नत्थुजींनी सपाटी तपासायची पाणसळ आणली. ठेवली, डोळा लावून पाहिली, पुसली, पुन्हा ठेवली. ती डब्याच्या बाहेरच्या जागेत बरोबर दाखवत होती. "माहा कोबा पाण्यावानी हाये," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. म्हातारपणी माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास लवकर उडतो. दोन आखूड गेट श्रावणला आठवले. नत्थुजींनी पिशवीतून छिन्नी काढली आणि आपल्याच घोटलेल्या जमिनीवर, डब्याच्या कडेला, बोटाने खूण केली.

श्रावणला गप्प बसता आलं असतं. अर्ध्या तासात कोबा खरवडला गेला असता, अक्षरांपुरता खळगा झाला असता, डबा अगदी जागच्या जागी बसला असता आणि माया कायमची तिथे राहिली असती. आणखी काही लागत नव्हतं. फक्त एका म्हाताऱ्याने आपलं चांगलं काम स्वतःच्या हाताने फोडायचं होतं, आणि ते आपलंच चुकलं असं समजून घरी जायचं होतं.

छिन्नीवर पहिला घाव पडायच्या आत तो पुढे झाला.

"थांबा, मिस्त्री. कोब्यात दोष नाई. डब्यात हाये."

त्याने आणि पिंटूने डबा उताणा केला. तळाला दोन अक्षरं होती, निळसर काळी, वळणदार.  पिंटूने मान फिरवून कैच्या मोजायला सुरुवात केली. दामिनी वाकली, तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. मी एकच गोष्ट सांगितली होती, काका, असं ती म्हणाली, आणि दुकानाचं नाव टाकायची एवढी काय हौस, असंही म्हणाली.

"दुकानाचं नाई," श्रावण म्हणाला. "माही बायको होती."

मग त्याने, दहा वाक्यांच्या त्या माणसाने, तिथे उभं राहून सगळं सांगितलं. टेपचं टोक, चहा, वर्षावासातली सकाळ, अर्धा रॉड. दामिनीसमोर आणि परक्या माणसांसमोर. सांगताना त्याने कुणाकडे पाहिलं नाही. 'मा' हाताने लिहिला आणि 'या' मी लिहिला, हेही लपवलं नाही. शेवटी नत्थुजींकडे वळून म्हणाला की मला माफ करा. नत्थुजींनी छिन्नी पिशवीत टाकली. त्यांची कंबर जरा ताठ झाली होती.

दामिनी डब्याशी खाली बसली. राग गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं ते तिलाही नीट कळत नसावं. ती म्हणाली, राहू द्या. बाकीच्या आठांच्या खाली आपण तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या घालू. सगळे सारखे वर येतील. नाव राहील, कुणाला कळणार नाही.

 श्रावणला दोन वर्षांत कुणी एवढं काही देऊ केलं नव्हतं. हो म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण तो आठ डब्यांकडे पाहत होता. केसभर उजेड येऊ दिला नव्हता त्याने कुठे. ते जमिनीवर असे बसले होते की जणू तिथूनच उगवले होते. आता त्यांच्या खाली पट्ट्या सारायच्या, म्हणजे हॉटेलातलं लंगडं टेबल करायचं. माया असती तर काय म्हणाली असती ते त्याला ऐकू आलं, कारण इतकी वर्षं ती एकच म्हणायची. वरती भाले नको. साधं ठेवा.

"नाई, ताई," तो म्हणाला. "मशीन द्या मले."

पिंटूने गाडीतून ग्राइंडर आणला. श्रावणने त्याच्यासोबत डबा उचलून दारापाशी नेला, कोब्यावर ठिणग्या पडू नयेत म्हणून, आणि गॉगल चढवला. आधी 'या' गेला, मग 'मा'. पाच मिनिटंही लागली नाहीत. लिहायला अर्धा रॉड लागायचा, खोडायला तेवढंही नाही. गॉगलच्या आत तो रडला, ती गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ग्राइंडरच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिला विद्युतदाहिनीत नेलं तेव्हाही त्याने अशी घट्ट मूठ आवळली होती, पण तेव्हा हातात काही नव्हतं.

घासलेली जागा त्याने तळहाताने पाहिली. गरम होती आणि गुळगुळीत होती. मग डबा परत आणला आणि बसवला. सुतळी नऊही माथ्यांवरून सरळ गेली. नत्थुजींनी स्वतः वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

पाचनंतर लोक आले. अकोल्याचे डॉक्टर, प्राध्यापक, भगवंतरावांचे नातेवाईक, दोन वार्ताहर. डब्यांभोवती फिरले, टोकाला उभे राहून आरपार पाहून आले, फोटो काढले. बरेचजण लवकर चहाकडे वळले. दामिनी श्रावणला शोधत होती, हे काम यांच्या हातचं आहे असं सांगायला. तो तिला सापडला नाही. धुतलेल्या शर्टात तो खांबाच्या मागे होता आणि कुणीही त्याला ओळखत नव्हतं, हे त्याला बरंच वाटत होतं.

गर्दी चहाकडे सरकल्यावर तो पुढे आला. आठव्या आणि नवव्या डब्याच्या मध्ये शिरला. दीड फुटांत एका माणसाला आडवं उभं राहता येतं. दोन्ही बाजूंनी लोखंड गार लागत होतं, आणि मान वळवली की डब्यामागे डबा, मध्ये जागा, पुन्हा डबा, पुन्हा जागा. इथे काहीच नव्हतं. त्याने नीट पाहिलं. काहीच नसणं इतकं चौरस, इतकं स्वच्छ असू शकतं हे त्याला आजवर माहीत नव्हतं. घरातल्या जागेला तो दोन वर्षं काहीबाही कोंबत आला होता, कामं, नावं, चहावाल्याची चार वाक्यं. ती भरली नव्हती. भरायची नव्हतीच.

नव्या गणवेशातला रखवालदार घाईने आला. त्याला कडक सूचना होत्या.

"काका, बाहेर या बरं. थे जागा खाली ठिवाची हाये. कोनी उभं राह्याचं नाई तिथं."

श्रावणने त्याच्याकडे पाहिलं. आपण कोण ते सांगावं असं क्षणभर वाटलं, पण त्यात काही अर्थ नव्हता. माणूस आपलं काम नीट करत होता.

"मालूम हाये, भाऊ," तो म्हणाला. "मीच मोजून सोडली हाये थे."

आणि डब्याला शर्ट लागणार नाही अशा बेताने, अंग चोरून, तो बाहेर आला.